पंचक सोडून बाकीचे दिवस

चंद्रपुरात खोली शोधायची तर आधी तोंड बंद ठेवायला शिकावं. मी हे उशिरा शिकले. पहिले आठ दिवस प्रत्येक दारात मी खरं खरं सांगत सुटले होते. आलापल्लीच्याही पुढचं गाव, आम्ही गोंड, मी एका पॅथॉलॉजीत रक्त काढायचं काम करते, सोबत आई राहणार, आईच्या किडन्या गेल्या आहेत, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. एवढी सगळी पोथी ऐकल्यावर कोण खोली देईल? पण मला वाटायचं, आजारी माणसाचं नाव काढलं की लोकांना दया येते. आमच्या गावात येते बाप्पा. तिथे कोणी खाटेवर पडलं की शेजारची बाई न विचारता त्याच्या घरचं पाणी भरून ठेवते. शहरात पाणी नळाला येतं, तेही एक दिवसाआड.

तुकूममध्ये एका गृहस्थाने गाव ऐकूनच भुवया वर केल्या. तिकडे पोलिसांच्या भानगडी असतात म्हणे, तुमच्याकडे रात्री-बेरात्री कोणी यायचं तर नाही ना, असं विचारलं. मी म्हटलं, काका, आमच्याकडे रात्री अस्वल येतं, ते चंद्रपूरपर्यंत चालत नाही यायचं. दार लागलं. माझी जीभ अशीच आहे, तिने माझं कधीच भलं केलं नाही. बाबूपेठेत एका बाईने आडनाव विचारलं. ते सांगितल्यावर म्हणाली की खोली कालच गेली. तिच्या खांद्यामागे रिकामी खोली सताड उघडी दिसत होती, आत एक केरसुणी उभी होती. आणखी एकाने आधी मोहाची दारू काढता का विचारलं, मग हसून म्हणाला, गंमत केली मॅडम. आणि जिथे जातपात, गाव, काहीच कोणी विचारत नव्हतं, तिथे किराया माझ्या अर्ध्या पगाराच्या वर. खाणीचे आणि पॉवर हाऊसचे ठेकेदार एकेका खोलीत सहा-सहा पोरं कोंबतात आणि डोईप्रमाणे पैसे मोजतात. त्यांच्यापुढे माझं काय चालणार?

आणि मला खोली हवीच होती. हौस नव्हती ती. गावाहून चंद्रपूरला यायचं तर एसटीत अर्धा दिवस जातो, तोही बस वेळेवर आली तर. डॉक्टरांनी बजावलं होतं की डायलिसिसची एक पाळी चुकली तर पाणी फुप्फुसात चढेल. मी तोवर लॅबमधल्या एका मुलीच्या खोलीत तिच्याबरोबर राहत होते. तिथे आईला जमिनीवर गादी टाकून दिली, तर तिच्या घरमालकाने चौथ्या दिवशी विचारलं, पाहुण्या किती दिवस आहेत? म्हणजे प्रश्न एवढाच होता. खोली मिळाली तर आई जगणार होती, नाही मिळाली तर गावी जाऊन मरणार होती. यात वाढवून सांगितलेलं काही नाही.

नवव्या दिवशी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका घराच्या फाटकावर पाटी दिसली, खोली किरायाने देणे आहे. तळमजला, मागच्या अंगाला, वेगळं दार, वेगळा नळ. घरमालकीण साठीच्या आसपासची, विधवा, पुढच्या भागात मुलगा, सून आणि दोन नातवंडांबरोबर राहणारी. तिने किराया सांगितला आणि मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. बाकी ठिकाणी सांगत होते त्याच्या निम्मा. इतका कमी काऊन, हे मी विचारलं नाही. मिळतंय ते विचारून घालवायची मला भीती वाटली.

आडनावावर ती काही बोलली नाही. एकच विचारलं, कोणी आजारी तर नाही ना? मी म्हटलं, छे हो काकू, आईचे गुडघे दुखतात, बाकी ठणठणीत.

तिथून मी आईचा छळ सुरू केला. दुसरा शब्द नाही त्याला. मी तिला फाटकापासून दारापर्यंत आधाराशिवाय चालायला शिकवलं. तेरा-चौदा पावलं असतील. दम लागला तर थांबायचं, पण छातीवर हात ठेवायचा नाही, तुळशीकडे बघतेय असं करायचं. डाव्या हाताला डायलिसिससाठी नस जोडून केलेली जागा होती, फुगलेली, ती झाकायला मी तिला मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाउज शिवून आणले. चंद्रपूरच्या उकाड्यात. सोमवारी आणि गुरुवारी दवाखान्यात जायचो तेव्हा काकूंना सांगायचो की आईला एकटीला करमत नाही, म्हणून लॅबमध्ये नेऊन बसवते. आईला खोटं बोलणं जमत नसे. तिला मराठी बेताचीच येते, हेच माझं नशीब असं मी समजत होते.

दोन महिने निभलं. मग एकदा ओट्याची पायरी चढताना आईचा तोल गेला आणि काकूंनी चटकन तिचा डावा हात धरला. त्या जागेवर हात ठेवला की आत घरघर लागते, रक्त जोरात वाहतं त्याची. बाहीवरूनही कळते. काकूंनी हात झटकन सोडला. आईला विचारलं, हे काय वाजते तुमच्या हातात? आणि माझ्या आईने सगळं सांगून टाकलं. मोडक्या मराठीत, हातवारे करत, मशीन कसं असतं, रक्त बाहेर कसं जातं, परत कसं येतं. बाही वर करून दाखवलं. मी संध्याकाळी आले तेव्हा ती खुशीत होती, काकूंनी तिला चहा दिला होता, बिनसाखरेचा का घेते तेही तिने सांगितलं होतं. मी तिच्यावर इतकी ओरडले की शेवटी तिने डोक्यावरून पदर घेतला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

काकू दिवेलागणीला आल्या. मी बोचकं बांधायला घेतलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, बाहेर काढायला नाही आली मी, मी काही राक्षसीण नाही. मग त्यांनी सांगितलं की ही खोली स्वस्त का आहे. आमच्या आधी इथे एक कारकून राहत होते. त्यांची म्हातारी आई याच खोलीत गेली, आणि गेली ती नेमकी पंचकात. मला पंचक म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. आमच्यात ते नाही. आमच्यात माणूस गेला की मातीत ठेवतात आणि पुढे विधी करून त्याचा जीव परत घरात आणतात, घरच्या देवांत बसवतात. घराला मेलेल्या माणसाची भीती नसते. काकूंनी समजावून सांगितलं, दर महिन्यात पाच दिवस असे असतात की त्यात कोणी गेलं तर ते एकटं जात नाही, त्या घरातली पाच माणसं मागे ओढून नेतं. भटजींनी शांत करायला लावली, पुतळे जाळायला लावले, खोली सहा महिने कुलूप लावून बंद ठेवायला लावली. सहा महिने झाल्यावरही गल्लीतल्या कोणी पाहायलासुद्धा कोणाला पाठवलं नाही. मग मी आले, लांबून, काही न विचारता.

"एरवी काही झालं तं झालं बाई, ते कोनाच्या हातात हाये," काकू म्हणाल्या. "पन पंचकाचे पाच दिवस तिले दुसरीकडं ठेवा. माह्या घरी पाचच मानसं हायेत."

त्या खरंच घाबरल्या होत्या. धाकटी नात दारात उभी राहून चुरमुरे खात होती आणि काकू माझ्याशी बोलत होत्या तरी नजर तिच्यावर होती. मला तेव्हा त्यांचा राग आला, आता येत नाही. तेव्हा मी हो म्हटलं.

आईला सांगितलं तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, जिवंत माणसाला हे लोक कशाला भितात?

पहिल्या महिन्यात मी तिला बल्लारपूरला चुलतभावाकडे ठेवलं. वहिनीने पाचही दिवस जेवणाच्या ताटासोबत आंबट चेहराही वाढला, आणि सहाव्या दिवशी फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी त्यांच्याकडे पाहुणे आहेत. पुढची वेळ कधी हे मी तिला सांगितलंही नव्हतं. दुसऱ्या महिन्यापासून दवाखान्याजवळची धर्मशाळा. तिथे रुग्णांचे नातेवाईक व्हरांड्यात चटया टाकून पडतात. सकाळी मी आईला तिथे सोडायची, चटई, पाण्याची बाटली, डबा, औषधांची पिशवी, आणि रात्री ड्युटी संपली की तिच्याशेजारी येऊन झोपायची. खोलीचा किराया चालू, खोली रिकामी, आणि आम्ही मायलेकी चार गल्ल्या पलीकडे फरशीवर. पंखा होता, पण तो फक्त पहिल्या रांगेला लागायचा. आई कधी तक्रार करत नसे. फक्त विचारायची, किती राहिले? मी बोटं दाखवायची.

या काळात मी दुसरी खोली शोधली नाही असं नाही. संध्याकाळी गल्ल्या तुडवल्या. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलं होतं, एकदा पकडले गेल्याची लाज होती. एका म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, तुमच्या त्या बाईले निदान पाचच दिवस चालत नाही, मले तं बाराही महिने नाही चालत. खरं बोलला बिचारा. त्या दिवशी मी परत येताना काकूंच्या नातीला चॉकलेट आणलं. लाचच होती ती, दुसरं काही नाही.

सुरुवातीला पंचक लागायच्या आदल्या दिवशी काकू स्वतः येऊन सांगायच्या. दारातून, खाली बघून, बाई, उद्यापासून. मला ते सहन व्हायचं नाही. उसने मागायला आल्यासारखं त्यांचं ते तोंड, आणि आतून आई ऐकतेय. तिसऱ्या महिन्यात मी फाडकन म्हटलं, काकू, तुम्ही सांगायला येत नका जाऊ, मला वाचता येतं. त्या ओशाळल्या. त्यानंतर नाही आल्या. मी भिंतीवरची दिनदर्शिका आणली, बारीक अक्षरात पंचक प्रारंभ कुठे लिहिलंय ते बघून वर्षभराच्या सगळ्या तारखांना लाल पेनने गोल केले आणि त्या मोबाइलमध्येही टाकल्या. मला वाटलं, झालं, आता कोणाचं तोंड बघायला नको.

मी रोज दुसऱ्यांच्या रक्तातले आकडे वाचते. दशांशाची चूक माझ्या हातून होत नाही. त्या बारीक अक्षरांत तारखेपुढे वेळही छापलेली असते, हे मी पाहिलं होतं. पण आमच्या घरात कोणी पंचांग बघितलेलं नाही. मला वाटलं, ती सूर्योदयाबिर्योदयाची काहीतरी वेळ असेल. दिवस म्हणजे दिवस, सकाळी उजाडला की सुरू. कोणाला विचारावं असं मनातही आलं नाही, आणि विचारायचं तर काकूंना, त्यांना तर मी येऊ नका म्हटलेलं.

वैशाखातली गोष्ट. सोमवारी डायलिसिस झालं, त्या वेळी आईचं बीपी एकदम उतरलं, दोन तास तिथेच झोपवून ठेवलं. मंगळवारच्या तारखेला लाल गोल होता. सकाळी सातलाच ऊन चटके देत होतं. मी पिशवी भरली, चटई गुंडाळली, डबा बांधला. आई उठली नव्हती. हाक मारली तर डोळे उघडले, पण उठली नाही.

आम्ही घरात गोंडीत बोलतो, इथे मराठीत लिहिते. ती म्हणाली, आजचा दिवस मला इथे राहू दे, पाय उचलत नाहीत, उद्या ने.

मी म्हटलं, उद्या नाही, आज. ती म्हणाली, मी दार लावून पडते, आवाज करत नाही, त्या बाईला कळणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती खोटं वागायला तयार झाली होती आणि मला तेवढ्यानेच समजायला हवं होतं. पण मला दहाला लॅबमध्ये पोचायचं होतं. आधीच दोनदा उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली होती. आणि माझ्या डोक्यात फक्त खोली होती. खोली गेली तर काय, हेच नऊ दिवस, नऊ महिने माझ्या डोक्यात फिरत होतं. मी तिचा दंड धरून तिला बसवलं आणि म्हटलं,

"मरायचं असेल तर बाहेर मर. या खोलीत नको."

तिने स्वतःच्या हाताने निऱ्या खोचल्या, केस बांधले, चप्पल शोधली. मी मदत केली नाही, रागात होते. उभी राहिल्यावर तिने माझ्याकडून औषधांची पिशवी मागून घेतली आणि ती स्वतः धरली.

अंगणात काकू कुरडया घालत होत्या. वाटेतलं प्लास्टिक त्यांनी एका बाजूला ओढून आम्हाला जायला जागा केली. आईला बघून म्हणाल्या, लय थकल्या दिसते बाई. आई थांबली, तुळशीकडे बघितलं, दम घेतला, पुढे चालली. मी शिकवलेलं ती विसरली नव्हती, आणि आता तर काकूंपासून लपवायचं काही उरलंही नव्हतं. ऑटोत तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. मी घड्याळ बघत होते.

धर्मशाळेत पहिली रांग भरलेली होती. खांबाशेजारी, उन्हाच्या कडेला जागा मिळाली. मी चटई टाकली, ओला पंचा तिच्या कपाळावर ठेवला, शेजारच्या बाईला लक्ष ठेवा म्हटलं आणि माझा नंबर दिला. ती बाई अहेरीकडची, तिचा नवरा वॉर्डात होता. एकच्या सुमारास तिचा फोन आला. म्हणाली, ताई, तुमची आई उठून नाही राह्यली. मी हातातली सुई तशीच ट्रेमध्ये टाकून पळाले. ऊन सरकून तिच्या अंगावर आलं होतं आणि कोणीतरी तिच्या तोंडावरून पदर ओढला होता.

गावी नेलं, माती दिली. बारा दिवसांनी परत आले, कारण नोकरी होती आणि खोलीत सामान होतं.

काकू आल्या. खरंच रडल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तुमची माय लय गरीब होती, कोनाले दुखवलं नाही, असं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, कवा गेल्या? मी म्हटलं, तुम्ही पाहिलं ना जाताना, त्याच दिवशी, मंगळवारी, दुपारी एकला, धर्मशाळेत.

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या,

"पंचक तं त्या दिवशी राती अकराले लागलं, बाई. मले वाटलं, तब्येत बिघडली म्हनून तुम्ही दवाखान्यात नेऊन राह्यल्या. तिले दिवसभर इथंच राहू द्याचं होतं. मी कायले नाही म्हटलं असतं?"

मी भिंतीशी गेले. दिनदर्शिकेवर माझा लाल गोल होता, आणि गोलाच्या आत, माझ्याच शाईखाली, बारीक अक्षरात वेळ लिहिलेली होती. अकरा वाजून काही मिनिटं, रात्री. चौदा तास होते आमच्याकडे. ती या खोलीत, पंख्याखाली, तिच्या अंथरुणावर गेली असती, आणि कोणाच्याही पाच माणसांना काही झालं नसतं.

काकू म्हणत राहिल्या की मले विचाराचं होतं, मी येऊन सांगतच होती ना. ते त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, हो काकू, चुकलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या की खोली तुम्हीच ठेवा, किराया वाढवत नाही.

त्या सकाळी खोलीत मी आईला काय म्हटलं ते काकूंनी ऐकलं असणार, दार उघडंच होतं. पण ते मी गोंडीत म्हटलं होतं. या गल्लीत ते समजणारी एकच बाई होती.

मी अजून त्याच खोलीत राहते. सोडावी असं मनात येतं, संध्याकाळी एखादी गल्ली फिरूनही येते. इतक्या किरायात दुसरी मिळत नाही.